चेसिस नंबर जुळला, गाडी मात्र चोरीची

आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात समृद्धी महामार्गात शेतं गेली, मोबदला आला, आणि मागोमाग जुन्या महागड्या गाड्यांचे एजंटही आले. आमच्या दादाला, म्हणजे चुलतभावाला, पहिल्यापासून गाड्यांचं वेड. नागपूरच्या एका एजंटानं त्याला दिल्ली पासिंगची ऑडी टीटी दाखवली. बाहेर देशातून तयार आलेली, दोन दारांची, लालभडक. भाव नऊ लाख.

"दिल्लीत पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालू देत नाहीत भाऊ, म्हणून तर मातीमोल चालली. कागद सारे ओके हायेत, पायजे त्याले दाखवा."

दिल्लीचा तो नियम तेव्हा खरा होता, हीच यातली गोम. थाप मारायची तर खऱ्या गोष्टीच्या आधारानं मारतात.

दादानं कागद चार जाणत्यांना दाखवलेही. २००९ ची आरसी, दिल्लीची एनओसी (गाडी दुसरीकडे नोंदवायला दिल्ली आरटीओची हरकत नसल्याचा दाखला), विमा, मालकी बदलायचे सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०. सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला तर मेक, मॉडेल, रंग, सगळं बरोबर. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक, पोर्टल अर्धवट झाकून दाखवतं. जेवढा दिसला तेवढा जुळला. जुळणारच होता. त्या नंबरची लाल टीटी दिल्लीत खरोखरच होती. अपघातात ती भंगारात गेली आणि तिचे कागद तेवढे बाजारात फिरत राहिले. दुसरीकडून चोरलेल्या टीटीवर तिचा नंबर ठोकला की झाली गाडी तयार. हे अर्थात पोलिसांकडून नंतर कळलं.

बिंग फुटलं अमरावतीच्या आरटीओत. तशी एनओसी दिल्लीतून निघाल्याची नोंदच नव्हती. मग साहेबांनी ठोकलेल्या नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, प्रिंट खिडकीच्या उजेडात नेली आणि म्हणाले, "हे शून्य पाहा. बाकी आकडे उभट, आणि हे गोल गरगरीत. हा ओ आहे."

चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. ठोकणाऱ्याला हे माहीत नसावं, किंवा त्याच्या संचात शून्याचा ठसाच नसावा.

तो नंबर वाचता येतो, हे आम्हाला तेव्हा समजलं. टीटीचा सुरू होतो टी-आर-यू नं, कारण ही गाडी जर्मनीत नाही, हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यात जुळायची. सातवं-आठवं अक्षर ८ आणि जे, म्हणजे टीटीची दुसरी पिढी. दहावं अक्षर वर्षाचं: ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०, सी म्हणजे २०१२. (दहाव्या जागी वर्ष सगळ्याच कंपन्या लिहीत नाहीत, ऑडी लिहिते.) आरसीवर तिथे ९ होता. पण सीट बेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर मुळाशी शिवलेल्या लेबलवर २०१२. दुसऱ्या सीटलाही तेच. तीन वर्षं जुन्या गाडीला कोण दोन्ही बेल्ट नवे बसवतं? डिकीत गालिच्याखाली कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर हाच नंबर छापलेला असतो. तिथे फक्त वाळलेला गोंद होता. शेवटी मेकॅनिकनं लॅपटॉप जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला नंबर काढला. दहाव्या जागी सी!

या सगळ्याला तासभरही लागला नाही. कागद कागदाशी जुळवत बसलात तर ते जुळतीलच, त्यासाठीच तर ते बनवलेले असतात. समोरच्या काचेखालचा, पत्र्यावरचा, स्टिकरवरचा आणि कॉम्प्युटरमधला नंबर एकमेकांशी ताडून पाहा. एजंट लॅपटॉप लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

गाडी आता ठाण्याच्या आवारात आहे. मूळ मालकाला विमा कंपनीनं चोरीचा क्लेम कधीच दिलेला, त्यामुळे गाडीवर आता हक्क तिचा. चोरीचा माल प्रामाणिकपणे विकत घेतला तरी मालकी मिळत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातच तसं आहे. गुन्हा न्यायसंहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, नोंदला गेला, गावात मात्र अजून जुन्या कायद्यातलं चारशेवीसच म्हणतात.

पैशांचं म्हणाल तर एजंटानं बरीचशी रक्कम रोख मागितली होती. फक्त इसाराचे पन्नास हजार खात्यावर गेले, तेही आरसीवरच्या मालकाच्या नव्हे, तर "आमच्या पार्टनरच्या". पोलिसांच्या हाती तेवढीच एक नोंद आहे. ते खातं यवतमाळकडच्या एका मजुराचं निघालं. दोन हजार रुपयांसाठी त्यानं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाला तरी वापरायला दिलं होतं.