९९०० एमएएच लिहिलेला २७ ग्रॅमचा सेल

सेलूला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. पाणबुडी मोटारी, थ्री फेजचे पंप, उन्हाळ्यात कुलरचे पंखे. हे आधी सांगतोय, कारण याला विजेतलं काही कळत नसेल म्हणून फसला, असं वाचणाऱ्याला वाटू नये. मला कळतं, तरी फसलो. वर चार महिने मी चूक माझ्याच कामात शोधत बसलो.

मुलगी नववीत आहे. कपाशीच्या दोन ओळींमधून आपोआप चालणारी आणि पुढं काही आडवं आलं की थांबणारी छोटी गाडी करायची, असं तिनं मनावर घेतलं. मलाही हुरूप आला. आर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा कॉम्प्युटरच), पिवळ्या गिअरच्या चार बीओ मोटारी (सेलवर चालणाऱ्या छोट्या मोटारी), बोर्डाच्या हुकमाप्रमाणं मोटारींना वीज देणारा मोटार ड्रायव्हर, समोरचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि तो सेन्सर डावी-उजवीकडं फिरवायला छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटार), एवढं सामान लागणार होतं. सांगाडा सुताराकडच्या प्लायवूडच्या तुकड्याचा केला. सामान मात्र सेलूत मिळत नाही.

मोबाइलवर जाहिरात दिसली: पूर्ण किट, सोबत रिचार्ज होणारे चार सेल, एकेक ९९०० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), मेटल गिअरचा सर्व्हो, सगळं मिळून २,८५० रुपये. फोनवरचा माणूस गोड बोलला. मुलीसाठी घेतोय म्हटल्यावर तर शाळेचं नाव विचारून शुभेच्छाही दिल्या. कॅश ऑन डिलिव्हरी आहे का विचारलं, तर "किटवर नाही सर" म्हणाला. मी यूपीआयनं पैसे पाठवले. सहाव्या दिवशी खोकं घरी आलं. पैसे घेऊन गायब होणारे ठाऊक होते, पण माल आला, बिलही सोबत आलं. त्यामुळं माझ्या मनातली शंका तिथंच मिटली.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी जोडून झाली. चाकं हवेत धरून चालवली तर छान फिरायची. फरशीवर ठेवली की दोन हात जायची, मग थांबायची आणि बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा. तो दिवा लुकलुकतो म्हणजे बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतोय. चारही मोटारी एकदम सुटल्या की हे हमखास व्हायचं.

मी पहिला संशय मोटार ड्रायव्हरवर घेतला. एल२९८एन नावाचा हा ड्रायव्हर स्वतःच जवळपास दोन व्होल्ट खातो, त्यामुळं संशय अगदीच चुकीचा नव्हता. दुसरा मागवला, फरक नाही. तारा बारीक असतील म्हणून जाड तारा टाकल्या. सगळे टाके पुन्हा सोल्डर केले. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर गाडी दोन हातांऐवजी चार हात गेली. सेल मल्टिमीटरनं तपासले होते. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट, जेवढे हवेत तेवढेच. म्हणून सेल बरोबर आहेत असं धरून मी बाकी सगळं उसवत राहिलो.

मुलगी तिच्या बाजूनं प्रोग्राम बदलत होती. मोटारी एकामागून एक सुरू केल्या, वेग कमी केला. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसायची. एक दिवस वही मिटून म्हणाली, "पप्पा, माझाच प्रोग्राम चुकतोय. मला नाही जमत हे." त्यानंतर तीन आठवडे तिनं गाडीला हात लावला नाही. त्या माणसावर माझा सगळ्यात जास्त राग आहे तो यासाठी. पोरीचं काम बरोबर होतं आणि ती स्वतःला कमी समजत होती.

उलगडा झाला तो फेब्रुवारीत. शेजारी मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं लॅपटॉपची एक जुनी बॅटरी उघडली होती आणि आतले सेल काउंटरवर पडले होते. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. आमचेही त्याच मापाचे. सहज एक उचलला आणि हाताला वजन लागलं. आम्ही तांब्याची तार वजनावर घेणारी माणसं, हाताला फरक कळतो. दुकानातल्या काट्यावर त्याचा सेल ठेवला: ४५ ग्रॅम. घरून आमचे आणले: २७, २७, २८, २७.

या मापाचा खरा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. नावाजलेल्या कंपन्यांचे सेल बहुतेक २००० ते ३५०० एमएएचचे असतात. या आकारात ९९०० बसतच नाहीत. म्हणजे जाहिरातीतला आकडाच खोटेपणाचा पुरावा होता, आणि मी तो जास्त आहे म्हणून खूश झालो होतो. अशा नळकांड्यात पुष्कळदा एखादा लहान किंवा वापरून टाकलेला सेल असतो आणि उरलेली जागा भुकटीनं भरलेली असते. मी आमचा कापून पाहिला नाही, तुम्हीही कापू नका. लिथियमचा सेल आतून शॉर्ट झाला तर भडकतो.

मग मल्टिमीटरवर ४.२ व्होल्ट का दिसले? हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण रोज गिऱ्हाइकाला तेच समजावतो. शेतातल्या डीपीवर सकाळी मोटारी बंद असताना व्होल्टेज पूर्ण दिसतं. दहा पंप सुरू झाले की तेच व्होल्टेज खाली येतं आणि मोटार नुसती घुं घुं करत राहते, जळते. सेलचं तसंच आहे. लोड नसताना मोजलेल्या व्होल्टेजला अर्थ नाही. आमच्या गाडीच्या मोटारी सुटल्या की दोन सेलचे मिळून पाच व्होल्टसुद्धा राहत नव्हते, मग बोर्ड बंद पडणारच.

खात्रीसाठी ३.९ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर एका सेलला लावला. करंट एक अँपिअरच्या थोडा आत. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून फरशीवर ठेवून समोर बसून राहिलो. ३९ मिनिटांत सेल तीन व्होल्टवर आला. हिशेब केला तर जेमतेम ६०० एमएएच. अडीच हजारांचा खरा सेल याच लोडवर अडीच तासांच्या वर चालतो. मुलगी घड्याळ बघून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होती. तीन आठवड्यांनी तिनं ती वही परत उघडली होती.

मग सर्व्होही काट्यावर ठेवला. मेटल गिअरचा या आकाराचा सर्व्हो १३-१४ ग्रॅम भरतो, प्लास्टिकचा ९. आमचा ९ भरला. खालचे चार लांब स्क्रू काढून वरचं टोपण उचललं, आत पांढरी प्लास्टिकची चाकं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. माणूस जराही रागावला नाही. "सर, माफ करा, नवीन माल पाठवतो, फक्त कुरियरचे ४५० आगाऊ द्या." मी दिले. कळल्यावरही दिले, कारण त्यानं नाही म्हटलं नव्हतं आणि मला ते प्रकरण मिटवायचं होतं. माल आला नाही. आठ दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून फोन: तुमचा रिफंड मंजूर झालाय, पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. फोन माझ्या हातात, ॲप उघडलेलं. मुलगी शेजारीच होती, म्हणाली, "पप्पा, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" नाहीच लागत. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना नाही. पिन टाकला असता तर उरलेसुरलेही गेले असते.

त्या रात्री खोक्यातलं बिल पहिल्यांदा नीट वाचलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: दिल्लीचे ०७, गुजरातचे २४, आपल्या महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा नंबर टाकला तर नाव निघालं एका कापड व्यापाऱ्याचं. त्या बिचाऱ्याला आपला नंबर कुणीतरी बिलावर छापतंय याची खबरही नसेल. ऑनलाइन काही घेणार असाल तर पैसे पाठवण्याआधी बिलाचा नमुना मागा आणि नंबर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोंद क्रमांक मिळाला, पैसे अजून आलेले नाहीत. मला उशीर झाला होता. ऑनलाइन पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० ला कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, चार महिन्यांनी काय अडवणार? माल खोटा निघाला आणि विकणारा ठावठिकाणा असलेला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल, खोक्यावरची चिठ्ठी, सगळे मेसेज सांभाळून ठेवा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. तुम्ही काढा.

एप्रिलमध्ये रात्रीच्या गाडीनं आम्ही दोघं हैदराबादला गेलो. कोठीतल्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं हवं ते मिळतं. पिशवीत काटा नेला होता. पहिल्या दुकानदारानं काटा बघून तोंड फिरवलं, आम्ही पुढं गेलो. तिसऱ्यानं स्वतःच सेल काट्यावर ठेवला: ४६. २६०० एमएएचचे चार घेतले. किंमत जाहिरातीतल्यापेक्षा बरीच जास्त होती.

परत आल्यावर दुसरं काहीच बदललं नाही. तोच बोर्ड, त्याच तारा, मुलीचा पहिल्या दिवशीचा प्रोग्राम. गाडी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, भिंतीसमोर थांबली आणि वळली. मुलगी काही बोलली नाही, पळत जाऊन आईला बोलावून आणलं.

जुलैत गाडी भावाच्या कपाशीत नेली. आठ-दहा हात गेली आणि आपली काळी माती चाकांना अशी धरली की चाकं दिसेनात. आता मुलगी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकं रुंद करतेय. खोटे सेल टोकांना चिकटपट्टी लावून दुकानात काट्याशेजारी ठेवलेत. कुणी पोरगं रोबोटचं सामान घ्यायचं म्हणून विचारायला आलं, की आधी एक त्याच्या हातात देतो आणि दुसऱ्या हातात खरा.