दाभोळ खाडीची छापचित्रं: जरूर घ्या, पण किमतीबद्दल बोलायचंय

चिपळूणच्या एका लहानशा स्टुडिओत लोटे गावाची औद्योगिक वसाहत आणि दाभोळ खाडी या विषयावरची लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली) आणि लाकूडठशाची छापचित्रं विकायला ठेवली आहेत. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे. 2021 च्या पुरानंतर चिपळुणात कागदाचा धंदा तळमजल्यावर कोण थाटणार? माझं माहेर खाडीकाठचं, घरात होडीही होती आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळंही. त्यामुळे ‘किती सुंदर’ म्हणून पुढे सरकणं मला जमणारच नव्हतं. एकेक चित्र नीट बघितलं.

सगळ्यात ताकदीचं चित्र मेलेल्या बोय माशांचं. ओहोटीला चिखलाच्या कडेने लागलेली मासळीची रांग. प्रत्येक मासा वेगळा कोरलाय, कल्ले ताणलेले, तोंडं वासलेली. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासा श्वासासाठी वर येऊन असाच मरतो. ज्याने हे काठावर उभं राहून पाहिलंय त्याच्याच हातून असं काम होतं. पाण्यासाठी गोल पात्याचे आखूड, तुटक काप घेतलेत आणि चिखल सपाट काळा सोडलाय. त्या काळ्यात शाई कुठे ठिपकाभरही सुटलेली नाही.

दुसरं चित्र नकाशासारखं. वर लोट्याचं पठार, खाली कोतवली गाव, उतरत जाणारे नाले, मग वाशिष्ठी आणि जगबुडी एकत्र होऊन दाभोळला समुद्राला मिळतात तिथपर्यंत. पठारावर कारखाने आणि उताराखाली भोयांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची घरं, एवढंच दाखवलंय. वरचं पाणी कोणाच्या दारात येणार, हे त्यावर लिहायची गरज पडलेली नाही. खालच्या पट्टीत ‘सीओडी 250’ एवढंच कोरलंय. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जिरवायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यासाठी लिटरमागे 250 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. खाडीकाठच्या माणसाला हा आकडा पाठ असायला हवा, म्हणून तो चित्रात आला याचा मला फार आनंद झाला. लिनोवर अक्षरं उलटी कोरावी लागतात. इथे एकही मात्रा डळमळलेली नाही.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीवरचं चित्र मात्र मला पटलं नाही. विषय मोठा आहे. मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने 103 कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला प्रदूषणाची भरपाई भरायला सांगितलं. मच्छीमारांनी एवढी लढाई लढली आणि चित्रात काय, तर डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या चार बायका, त्याही पाठमोऱ्या. त्या कुठल्याही बंदरावरच्या असू शकतात. लढणाऱ्या बाईचा चेहरा दिसलाच पाहिजे.

एक गोष्ट मी मुद्दाम विचारली: तुमचं स्वतःचं सांडपाणी कुठे जातं? धातूच्या पत्र्यावरच्या छपाईला बऱ्याचदा आम्ल लागतं आणि वापरलेल्या आम्लात तो धातू उतरतो. ते मोरीत ओतलं तर नदीवर बोलायचा अधिकार उरत नाही. इथे आम्लाचं काम होतच नाही. ठसे आणि रोलर आधी गोडेतेलाने पुसतात, मग साबण. शाईची फडकी डब्यात साठवतात, तो डबाही त्यांनी उघडून दाखवला. मनापासून बरं वाटलं.

किंमत मोठ्या चित्राला 1,800 रुपये, लहानाला 600. हातकागद जाड आहे, प्रत क्रमांक आणि सही पेन्सिलीने केलेली आहे. गुंडाळी करून देतात, पण सपाट पुठ्ठ्यात मागून घ्या, गुंडाळलेला जाड कागद नंतर लवकर सरळ होत नाही. आणि चौकटवाल्याला सांगा की काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या किनारीची, फट हवी. आपल्याकडे पावसाळ्यात टेकलेल्या जागी बुरशी धरतेच.

आता किमतीबद्दल. 1,800 रुपये शहरातल्या गिऱ्हाइकाला जड नाहीत, पण ज्यांची ही गोष्ट आहे त्या घरात हे चित्र या भावाने जाणार नाही. एका ठशातून कितीतरी प्रती निघतात, हाच तर या कलेचा मोठा गुण. बोयांचं आणि नकाशाचं, ही दोन चित्रं साध्या कागदावर, बिनसहीची, पन्नास-साठ रुपयांत काढा आणि खाडीकाठच्या प्रत्येक समाजमंदिरात एकेक जोडी लावा. मी हे स्टुडिओत बोलले आहे. तुम्ही गेलात तर तुम्हीही बोला. चार जणांनी मागितलं तर छापतील.