शेतावरच्या वेल्डिंगला जनरेटर: सायलेंट घ्यावा की उघड्या फ्रेमचा?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात वेल्डिंगचं काम धरलं की शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो, लाईट कधी आहे? शेतीची थ्री फेज आठ तास, तीही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज असलीच तर बांधावर पोचेपर्यंत व्होल्टेज इतकं पडतं की आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, धरत नाही. माणसं बसून राहतात आणि हजेरी चालूच असते. म्हणून जनरेटर घ्यायचा हे ठरलेलंच असतं. कोणता घ्यायचा, यावर मात्र माझं एक अख्खं द्राक्ष-हंगामाचं काम खर्ची पडलं.

मी आधी 3 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता) सायलेंट घेतला, म्हणजे बंद पेटीतला इन्व्हर्टर जनरेटर. वर्षभराने तो देऊन 5 केव्हीएचा उघड्या फ्रेमचा, एव्हीआरवाला (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा) पेट्रोल जनरेटर आणला. दोन्हींवर वेल्डिंग मशीन तेच, 200 अँपिअरचं साधं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन. त्यामुळे दोघांमधला फरक मला सरळ हातात जाणवला.

सायलेंटचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. बांधापासून आत न्यायला एक माणूस पुरतो. आवाज इतका कमी की शेजारी उभं राहून फोनवर बोलता येतं. बारा नंबरच्या, म्हणजे साधारण अडीच एमएमच्या रॉडवर दिवसभर काम करून मला सहा-सात लिटर पेट्रोल लागायचं, कारण भार नसला की इंजिन आपोआप मंद होतं (इको मोड). उघड्याचं तसं नाही. 50 हर्ट्झ टिकवायचे म्हणून तो रॉड टेकलेला असो वा नसो, 3000 आरपीएमवरच चालतो. तेवढ्याच दिवसाला तो दहा-अकरा लिटर पितो, आणि गाडीतून उतरवायला दोन माणसं लागतात.

एवढं वाचून कोणीही सायलेंटच घेईल. मीही त्याच हिशोबाने घेतला होता.

उगावकडे एका बागेत आच्छादनाच्या कमानी जोडत होतो. या कामात लांब वेल्ड जवळजवळ नसतोच. इथे एक टाका (छोटा वेल्ड), तीन फुटांवर दुसरा, मग घोडा (वर उभं राहायचा स्टँड) सरकवायचा आणि परत एक टाका. दिवसाला तीन-चारशे टाके. आता सायलेंटचं इंजिन टाका संपला की मंदावतं आणि रॉड पुन्हा टेकला की जागं व्हायला क्षणभर घेतं. नेमका तोच क्षण आर्क धरण्याचा असतो. रॉड चिकटतो. हिसका देऊन ओढला की टोकाचं फ्लक्स (रॉडवरचा लेप) उडून जातं आणि उघडी तार पुढे येते. ती आधी भंगारावर घासून जाळायची, मगच पुढचा टाका. इको मोडचं बटण बंद केलं तर इंजिन वेगात राहतं, पण मग पेट्रोलची बचत गेली. आणि खरा त्रास त्यानंतरच सुरू झाला.

आमच्या मशीनला हॉट स्टार्ट आहे, म्हणजे टेकवताना ते लावलेल्या अँपिअरपेक्षा जास्त करंट सोडतं. त्यात साधं वेल्डिंग मशीन जनरेटरकडून करंट सलग घेत नाही, झटक्यांनी घेतं. सायलेंटमधल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला तो झटका सोसत नाही. ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सप्लाय बंद. इंजिन तसंच घुरघुरत राहतं, त्यामुळे वर घोड्यावर उभ्या माणसाला आधी कळतच नाही. मग खाली उतरायचं, पन्नास-साठ फूट चालत जायचं, रीसेट दाबायचं, परत चढायचं. पहिल्या दिवशी पंधरा-वीस वेळा झालं असेल. शेतकरी बांधावर बसून बघतोय आणि आमचा माणूस वर-खाली करतोय. त्या संध्याकाळी माझं मन त्या जनरेटरवरून उडालं.

गणित नंतर मांडलं, ते आधी मांडायला हवं होतं. बारा नंबरच्या रॉडला 75-80 अँपिअर लागतात आणि आर्कचं व्होल्टेज 23 च्या आसपास, म्हणजे पावणेदोन ते दोन किलोवॅट. मशीनची गळती आणि 0.7 चा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा हिस्सा) धरला की जनरेटरवर भार येतो तीन केव्हीए. त्याहून जाड दहा नंबरच्या रॉडला 110 अँपिअर धरले तर तोच हिशोब साडेचारच्या पुढे जातो. शिवाय जनरेटरवर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल क्षमतेचा असतो. सतत चालवायचा आकडा त्याखाली बारीक अक्षरात असतो आणि तोच धरायचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे. शंभर मीटरला सुमारे एक टक्का ताकद जाते, तेव्हा पाच-सहा टक्के तिथेच वजा. एप्रिल छाटणीनंतरच्या उन्हात आणखी थोडी.

उघड्या फ्रेमच्या 5 केव्हीएवर रॉड टेकला की इंजिन क्षणभर दबतं, घोगरा आवाज काढतं आणि लगेच सावरतं. फिरतं वजन आणि तांब्याचं वाइंडिंग तो झटका अंगावर घेतात. आर्क धरलेली राहते. टाका, सरक, टाका. बारा नंबर तर आरामात, आणि दहा नंबरचा रॉडही लावता येतो, फक्त सलग लांब वेल्ड ओढताना मध्ये श्वास घेऊ द्यावा लागतो. दिवसाचं चार लिटर पेट्रोल जास्त जातं, पण तेवढ्याच माणसांत काम दीडपट उरकतं, असा माझा अनुभव आहे. मोजमाप करून सांगत नाही, संध्याकाळी किती ओळी झाल्या त्यावरून सांगतो.

त्याच्या सवयी मात्र पाळाव्या लागतात. इंजिन दोन मिनिटं रिकामं चालवून मगच वेल्डिंग मशीन चालू करायचं, आणि बंद करताना आधी मशीन, मग इंजिन. भार असताना पेट्रोल संपू द्यायचं नाही, कारण गचके खात बंद पडणारं इंजिन व्होल्टेज वर-खाली करतं. त्यात वेल्डिंग मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडू शकतं. केबल लांब टाकायची तर 4 स्क्वेअर एमएम तांब्याची. पॉलीहाऊसच्या किंवा शेडच्या आत जनरेटर कधीच लावू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. गोठ्यापासूनही लांब ठेवा, गाई बुजतात.

डिझेलबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरसाठी डिझेल असतंच, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच ताकदीचा एअर कूल्ड डिझेल जनरेटर वजनाला आणि थरथरीला फार जड जातो, आणि डिसेंबरात निफाडच्या थंडीत सकाळी सात वाजता तो सुरू करताना मी इतरांना घाम गाळताना पाहिलंय. एकाच जागी महिनाभर काम असेल तर जरूर विचार करा.

तुमचं काम वेगळं असू शकतं, हेही मान्य. नाशिक शहरात इंदिरानगर-महात्मानगरकडे मीटर न आलेल्या बंगल्यांवर ग्रिल बसवत असाल, तर उघड्याच्या आवाजाने शेजारी पहिल्या तासात येतील. तिथे सायलेंटच हवा. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेलं वेल्डिंग मशीन करंट झटक्यांनी न घेता बऱ्यापैकी सलग घेतं, त्यामुळे साडेतीन केव्हीएचा सायलेंटही बारा नंबरला पुरावा. ते मशीन महाग पडतं, पण आधीच घेतलेलं असेल तर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. मात्र काम माझ्यासारखं शेतावरचं, टाक्यांचं आणि साध्या मशीनचं असेल, तर मी आज पुन्हा उघड्या फ्रेमचाच घेईन.

घेताना दुकानदाराच्या बल्बवर चाचणी करू नका. आपलं मशीन, आपली केबल, आपला रॉड आणि दोन अँगलचे तुकडे गाडीत टाकून न्या. दुकानाबाहेर सलग वीस टाके मारा, प्रत्येक टाक्यानंतर पाच सेकंद थांबून. रॉड किती वेळा चिकटतो ते मोजा आणि मगच पैसे द्या.