काळ्या मातीतली साईट आणि पावसाळा: कापडी कुंपण, गाळखड्डा की आच्छादन?

मृग जवळ आला की खोदाई उघडी असलेल्या प्रत्येक साईटपुढे एकच प्रश्न असतो. माती रस्त्यावर, शेजारच्या वावरात आणि नाल्यात वाहून जाऊ नये म्हणून पैसे कशावर घालायचे? खालच्या कडेला जिओटेक्स्टाईलचं (पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कापडाचं) कुंपण उभारायचं, कोपऱ्यात गढूळ पाणी साठवून गाळ खाली बसवणारा गाळखड्डा काढायचा, की उघडी जमीनच झाकायची? अर्धा ते पाच एकरांच्या साईटसाठी ही तुलना आहे. माझं मत आधीच सांगतो: मराठवाड्यात याचं उत्तर माती देते, आणि काळ्या मातीत एकट्या कुंपणावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

बालाघाटच्या उतारांवर, बीड-धाराशिवच्या बऱ्याच भागात, वरचा पातळ थर काढला की मुरूम लागतो. परभणी-नांदेडकडे गोदाकाठी मात्र खोल काळी माती. हा फरक कणांच्या आकाराचा आहे. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण साचलेल्या पाण्यात मीटरभर खाली बसायला दोन मिनिटं घेतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस घेतो, तेही पाणी निवांत असेल तर. आपल्या साईटवर काय आहे हे पाहायला बाटली पुरते: तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. पाच मिनिटांत पाणी बऱ्यापैकी निवळलं तर मुरमाचा, वाळूचा भाग जास्त. दुसऱ्या दिवशीही चहासारखं गढूळ राहिलं, तर कापड विकत घेण्याआधी थांबा.

कारण कुंपण चाळणीसारखं काम करत नाही. ते पाणी अडवून तुंबवतं आणि जड कण मागे बसवतं. मुरमाड उतारावर हे झकास चालतं, पण तिथेही अटी आहेत: कुंपण समपातळीत हवं, कापडाचा खालचा वीतभर भाग चरात पुरून माती ठोकलेली हवी, दोन्ही टोकं चढाकडे वळवलेली हवीत, आणि शंभर फूट कुंपणामागे दहा गुंठ्यांपेक्षा जास्त क्षेत्राचं पाणी येता कामा नये. वाहत्या ओघळीवर तर ते लावूच नका, पहिल्या जोरदार सरीत आडवं होईल. तिथे पाणलोटाच्या कामात घालतात तसा अनघड दगडी बांध बरा. काळ्या रानात आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात जमिनीला भेगा पडलेल्या असतात. त्यातच चर खणून कापड पुरलं की पहिलं पाणी भेगेतून कुंपणाखालूनच निघून जातं. आणि साईटभोवती बांधलेली हिरवी शेडनेट म्हणजे गाळाचं कुंपण नव्हे. ती धुळीसाठी असते, गाळ तिच्यातून आरपार जातो.

गाळखड्ड्याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर 50 मिलिमीटर पडला तर दोन लाख लिटर, आणि त्यातलं निम्मं वाहिलं तरी एक लाख. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमातही एकरी 3,600 घनफूट साठवण धरली आहे, म्हणजे जवळपास तेवढीच. दीड मीटर खोल खड्ड्याच्या बाजूंना उतार दिला की दीड-दोन गुंठे जागा जाते. छोट्या प्लॉटवर हे परवडत नाही, पण लेआउटमध्ये पुढे बागेसाठी सोडायच्या जागेत सहज बसतं. जादा पाणी बाहेर पडायला दगडी सांडवा केलाच पाहिजे, नाहीतर भरलेला खड्डा कड फोडून बाहेर पडतो. चिकणमाती आपणहून बसत नसेल तर जिप्सम टाकतात, तेच जे चोपण जमीन सुधारायला वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या साईटवर 100 घनमीटर पाण्याला साधारण 30 किलो धरतात. ते पाण्यावर सगळीकडे सारखं पसरावं लागतं, आणि पाणी निवळल्यावरच सोडायचं.

खड्ड्याला पक्कं कुंपण हवं, आणि त्यात कसूर चालणार नाही. साईटवर राहणाऱ्या मजुरांची लेकरं तिथेच खेळतात. गढूळ पाण्यात खोली दिसत नाही आणि काळ्या मातीची ओली कड पायाखालून घसरते.

आच्छादनाकडे बिल्डरचं लक्ष सगळ्यात कमी जातं, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. थेंबाचा मार मातीवर बसलाच नाही तर कण सुटत नाही, आणि न सुटलेला कण अडवावा लागत नाही. उसाचं पाचट एकरी दीड-दोन टन पसरलं की जमीन झाकली जाते. लातूर-धाराशिवकडे ते फडात पेटवून देतात, म्हणून मागितलं तर मिळतं. कडबा मात्र आणू नका, या भागात तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. वावटळीत पाचट उडतं, त्यावर जुनी शेडनेट अंथरून खुंट्या ठोका. ते वाळलेलं असतं, विडी-काडीवर नजर ठेवा. जिथे पोकलेन आणि हायवा रोज फिरतात तिथे आच्छादन टिकणार नाही. म्हणून अख्खा प्लॉट एकदम उघडू नका. ज्या भागात दोन-तीन आठवडे काम नाही तो झाका, किंवा तिथली हरळी खरडूच नका.

माझी निवड अशी: मुरूम असेल आणि उतार सौम्य असेल तर कुंपण पुरे, त्यामागे साचलेला गाळ उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की काढत राहा. काळी माती आणि एकराच्या वर साईट असेल तर आधी आच्छादन, सोबत खड्डा, आणि कुंपण फक्त मातीच्या ढिगाऱ्यांभोवती. अर्ध्या एकराचा काळा प्लॉट असेल तर आच्छादन, आणि गेटवर मोठ्या खडीचा पट्टा, म्हणजे टायरला चिकटलेला चिखल डांबरी रस्त्यावर जाणार नाही.

सिमेंटच्या पाण्यावर या तिन्हींचा इलाज चालत नाही. मिक्सर धुतलेल्या पाण्याचा सामू (pH) 12 च्या आसपास असतो, नाल्यातले मासे त्यात जगत नाहीत. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेला वेगळा खड्डा करा, तो गाळखड्ड्याला जोडू नका. गाळखड्ड्यातली स्वच्छ काळी माती नंतर बागेत पसरता येते. सिमेंट मिसळलेला गाळ मात्र कोणाच्या शेतात देऊ नका, त्याने मागितला तरी.