थंड देशांतले एअरलूम टोमॅटो सत्तरीच्या परसात: एका हंगामाचा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या आमच्या परसात पावसाळा सरल्यापासून मार्च उजाडेपर्यंत तीन एअरलूम वाण वाढवले: चेक देशातला स्तुपित्से, क्रिमियातला ब्लॅक क्रिम आणि अमेरिकेतला ब्रँडीवाइन. एअरलूम म्हणजे संकरित नसलेले, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून जपलेले टोमॅटो. मत आधीच सांगते. स्तुपित्से गोव्यात जरूर लावा, ब्लॅक क्रिम हौस असेल तर लावा, ब्रँडीवाइनच्या नादी लागू नका.

थंड हवेचं झाड गोव्यात कशाला, असं बरेच जण विचारतात. टोमॅटोचं फूल रात्रीच्या तापमानाला फार हळवं असतं. रात्र १५ ते २० अंशांची असली तर फळ छान धरतं. ती २४ च्या वर राहू लागली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं देठापासून गळतात. आपल्याकडे अशी सोयीची रात्र साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच मिळते, तीही सह्याद्रीच्या पायथ्याला किनाऱ्यापेक्षा जरा बरी. चेक देशात उन्हाळाच आखूड, म्हणून स्तुपित्से लावणीनंतर ५५-६० दिवसांत फळ देतो. तिथे तो थंडीच्या आधी उरकतो, इथे उकाड्याच्या आधी. ब्रँडीवाइनला ८० ते १०० दिवस लागतात. आमच्याकडे त्याचं झाड छान माजलं, पण फुलं भरात आली तेव्हा उकाडा दाराशी होता. फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

रोपं ऑक्टोबरमध्ये पडवीत ट्रेमध्ये केली, लावणी नोव्हेंबरात. खरी लढाई मातीशी होती. आपल्या जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर हा रोग फार. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं आणि दोन-चार दिवसांत संपतं, पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत. खात्री करायची तर बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले तर मरच. औषध नाही, झाड मुळासकट काढून जाळायचं. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का रक्षक’ या संकरित वाणात या रोगाला प्रतिकार आहे. माझ्या तिन्ही वाणांत तो दिसला नाही. जमिनीतली बरीच झाडं गेली. ग्रो बॅगेत (रोपं लावायच्या पिशवीत) कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत आणि बाहेरून आणलेली माती घालून लावलेली मात्र टिकली. म्हणून गोव्यात एअरलूम पिशवीतच लावा, किंवा मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर कलम करा. टोमॅटो, वांगी, मिरची झालेल्या वाफ्यात तर मुळीच नको.

फेब्रुवारीत पांढरी माशी आली आणि पानं गोळा होऊ लागली. पिवळे चिकट सापळे लावले, थोडा उपयोग झाला.

आता चव, जिच्यासाठी हे सगळं केलं. बेळगावकडून येणारा टोमॅटो प्रवास सोसावा म्हणून जाड सालीचा असतो. स्तुपित्सेची साल पातळ, फळ लिंबाएवढं, आंबट-गोड नेमकं. त्याचं सार केलं की साखर लागत नाही. ब्लॅक क्रिम कापला की आतून काळपट तांबडा, चव खोल, किंचित खारट. तो शिजवू नये, कापून वर मीठ भुरभुरावं. मात्र पाणी कमीजास्त झालं की त्याला लगेच तडे जातात. पारा ३० च्या वर जाऊ लागला की लाल रंग नीट धरत नाही, म्हणून रंग फिरायला लागताच फळ तोडून घरात पिकवत गेले. चवीत फारसा फरक वाटला नाही.

बियांचं पाकीट महाग वाटलं तरी एकदाच घ्यायचं असतं. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे बी आईसारखंच येतं. मर नसलेल्या, सर्वांत आधी फळलेल्या झाडाचं पिकलं फळ निवडा, गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच, इथल्या दमटपणात उघडं बी टिकत नाही.