पार्किन्सन्सच्या रुग्णासाठी केअर सेंटर: वर्षभरानंतरचा अनुभव

बाबांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाली मंदावणारा आणि अंग ताठरवणारा मेंदूचा आजार. गेल्या पावसाळ्यात त्यांना पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. ज्यांच्या घरात 'ठेवावं की नको' हा विषय रोज निघतोय, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांची संकुलं वेगळी आणि शुश्रूषा केंद्रं वेगळी. संकुलात बाग, भजन, कॅरम सगळं असतं, पण माणूस अंथरुणाला खिळला की त्याला घरी न्यायला सांगणारं कलम करारात असू शकतं. सही करण्याआधी ते शोधा. बाबांना उठवून बसवायला दोन माणसं लागायची. आईचं वय पंच्याहत्तर, ब्युरोचा, म्हणजे घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेचा माणूस महिन्यातून चार दिवस दांडी मारायचा. त्यामुळे आम्हाला दुसऱ्या प्रकारचीच जागा हवी होती.

खरी परीक्षा झाली गोळ्यांची. या आजारावरची लेव्होडोपा, म्हणजे आपल्याकडे बरेच जण सिंडोपा म्हणून ओळखतात ती गोळी, वेळेवरच द्यावी लागते. उशीर झाला की बाबांचं अंग लाकडासारखं ताठरतं, घास तोंडात फिरत राहतो. शिवाय डाळ, दूध, पनीर यांतल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून ती जेवणाच्या बरीच आधी द्यायची. सेंटरमध्ये मात्र सगळ्यांच्या गोळ्या ताटाबरोबर यायच्या. "ताई, इथे एवढी माणसं, प्रत्येकाचं वेगळं कसं सांभाळणार?" असं मला सांगण्यात आलं. मी हट्ट सोडला नाही. डॉक्टरांकडून वेळा लिहून घेतल्या आणि तो कागद पलंगावर चिकटवला. दिवसपाळीच्या सिस्टरने तो मनावर घेतला आणि पंधरवड्यात बाबा दुपारी स्वतःच्या हाताने जेवायला लागले. रात्रपाळीत मात्र अजूनही घोळ होतो. पूर्ण मजल्याला रात्री दोनच माणसं, बेल वाजवून वाट बघावी लागते. जागा बघायला सकाळी सगळेच जातात. तुम्ही रात्री नऊनंतर जा.

तिथल्या एका मुलाचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. बाथरूमच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. या आजारात असं होतं. ओढलं तर तोल जातो. त्याने फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या. "आजोबा, पट्टी ओलांडायची हं, एक... दोन..." आणि पाऊल उचललं जातं! आम्हाला घरी हे कधी सुचलं नव्हतं. चहाही तो त्यांना ताठ बसवून, हनुवटी खाली घ्यायला सांगून, घोटाघोटाने पाजतो. गिळताना श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाची भीती असते, म्हणून हे फार महत्त्वाचं.

खर्चाचं थोडक्यात. डायपर, फिजिओ, दवाखान्यात न्यायची गाडी, सगळं फीवर वेगळं लागतं. सत्तरी पार केलेल्यांच्या आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. सेंटरची महिन्याची फी त्यात बसत नाही.

आई दर रविवारी आणि मधे एकदा जाते. तिची झोप सुधारली आहे, बाबांशी ती आता गप्पा मारते. आधी सगळा वेळ उचलण्या-पुसण्यातच जायचा. माझ्या मते आमच्यासाठी हा निर्णय बरोबर ठरला. पण रुग्णाला नुसती सोबत हवी असेल आणि घरात माणूस असेल, तर मी घाई करू नका असंच सांगेन.

करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला. रात्रीची गोळी दिल्यावर वहीत वेळ टाकून सही करायची, ही अट यावेळी लेखी घेतली आहे.