विंडोज ७: होमग्रुपचा पासवर्ड की युजर अकाउंटचा?

जुन्या विंडोज ७ वर शेअर केलेल्या फोल्डरचा पासवर्ड आठवत नसेल, तर आधी तो नेमका कुठला ते बघा.

होमग्रुपचा, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरांनी आपसात फायली वाटून घ्यायच्या विंडोजच्या सोयीचा असेल, तर काम सोपं. कंट्रोल पॅनेलमध्ये होमग्रुप उघडा, ‘व्ह्यू ऑर प्रिंट’वर टिचकी मारा, पासवर्ड समोर दिसतो. विंडोजनेच बनवलेला असेल तर १० अक्षरांचा, कॅपिटल-स्मॉल जपून टाइप करायचा. तो बदललात, तर मात्र घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर नवा घालत बसा. शिवाय विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ अपडेटपासून होमग्रुपच काढून टाकलाय. म्हणजे नवा लॅपटॉप जोडायचा तर हा मार्ग बंद.

युजर अकाउंटचा पासवर्ड असा वाचता येत नाही, नवाच द्यावा लागतो. फोल्डर ज्या मशीनवर आहे, तिथेच दुसऱ्या ॲडमिन खात्यातून ‘युजर अकाउंट्स’मध्ये जाऊन द्या. त्या खात्यात एन्क्रिप्ट केलेल्या (कुलूपबंद) फायली असतील तर पासवर्डला हात लावू नका, त्या उघडायच्या बंद होतील. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंदही काढा, नाहीतर नवा पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. खटपट जास्त, पण मी हाच मार्ग घेईन. शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड लागण्याची अटच बंद करून टाकणं? वायफाय शेजाऱ्यांना दिलेलं असेल तर अजिबात नको.